चार लाख रुपये किलो

सोलापुरात टॉवेल वजनावर घेतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. कॉम्प्युटरही वजनावर घेतात हे मात्र परवा कळलं. नव्या पेठेतल्या एका दुकानात, भर उन्हात. आणि ज्यांनी ही विद्या दिली ते दुकानदार नव्हते, मेकॅनिकही नव्हते. प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये शाई भरून घ्यायला आलेले एक गिऱ्हाईक होते. माझं डोकं अजून तापलेलंच आहे, तेव्हा भाषा जरा इकडेतिकडे झाली तर ऊन समजून सोडून द्या.

घरचा कॉम्प्युटर विंडोज १० वाला. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० कडे पाठ फिरवली. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर निदान आठव्या पिढीचा लागतो, आमचा चौथ्या पिढीचा. हॉलमधल्या टीव्हीला जोडता येईल असं एक बेताचं मशीन हवं होतं: रात्री सिनेमा, सकाळी सासऱ्यांची कीर्तनं, मधल्या वेळात वीजबिल, मुलीचे सीईटीचे फॉर्म आणि जुन्या हार्ड डिस्कवरचे लग्नाचे फोटो. "टीव्हीत यूट्यूब आहे की," असं घरातल्या प्रत्येकानं मला सांगून झालंय. आहे ना. त्या रिमोटनं सीईटीचा फॉर्म भरून दाखवा, मग बोलू.

तर मी फुलस्केपवर यादी केली. आय थ्री १२१०० प्रोसेसर, सगळं ज्यावर बसतं तो एच ६१० बोर्ड, आठ-आठच्या दोन मिळून १६ जीबी रॅम म्हणजे चालू कामापुरती मेमरी, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कची वेगवान धाकटी बहीण, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा एसएमपीएस, साधं कॅबिनेट. प्रत्येक वस्तूपुढे ती का, हेही समासात लिहिलं. आठच्या दोन रॅम का? कारण वेगळं ग्राफिक कार्ड घ्यायचं नसलं की पडद्यावरच्या चित्राचं कामही याच रॅममधून चालतं, आणि दोन कांड्या असल्या की ती वाट दुप्पट रुंद होते. एवढा अभ्यास मी बी.कॉम.ला केला असता तर आज दुकानदारानं मला खुर्ची दिली असती.

त्याचा पहिला प्रश्न होता, "मिस्टर नाही आले का?"

"नाही. त्यांना यातलं काही कळत नाही."

"तसं नाही हो मॅडम. लेडीज लोक घरी जाऊन विचारतात अन् परत बदलायला येतात, म्हणून म्हटलं." मग दुसरा प्रश्न. "गेमिंग का ऑफिस?"

इथं मला जरा थांबावं लागेल, कारण खरं दुखणं इथंच आहे. बाजाराच्या मते जगात दोनच प्रकारची माणसं कॉम्प्युटर घेतात. एक, काचेच्या पेटीत सात रंगांचे दिवे लुकलुकल्याशिवाय ज्याला बटण दाबावंसं वाटत नाही तो मुलगा. त्याचं बजेट सत्तर हजारांच्या पुढे, आणि त्याला "सर" म्हणतात. दुसरा, टॅली चालवणारा कारकून. त्याच्यासाठी मोठ्या कंपन्यांनी वापरून काढून टाकलेली मशीनं ओळीनं मांडलेली, "एकदम कंडिशन". मधल्या माणसासाठी काहीच नाही. पुरेसं, बरं, दहा वर्षं निमूट चालेल असं काही मागितलं की समोरचा तुमच्याकडे संशयानं बघतो. साडीच्या दुकानात तेच, घर घेताना तेच. जुळे सोलापुरात साधा टू बीएचके कुणी विकतच नाही, सगळे लक्झुरिअस आहेत. त्यातले दोन मी आतून पाहिलेत. लक्झरी म्हणजे बाथरूममधली फॉल्स सीलिंग. नळाला पाणी मात्र चार-पाच दिवसांनीच.

"घरगुती," मी म्हटलं.

"म्हणजे ऑफिस," असं म्हणून त्यानं माझी यादी हातात घेतली आणि न वाचता काउंटरवर पालथी घातली.

मग प्रोसेसरवरून झालं. तो म्हणाला, बारा हजार एकशेच पाहिजे तर शेवटी एफ असलेला घ्या, स्वस्त पडतो. मी म्हटलं, एफ म्हणजे त्यात ग्राफिक नाही. तो बसवला तर टीव्हीवर अंधार. "मग एक छोटं ग्राफिक कार्ड टाकू की!" म्हणजे आधी हजारभर वाचवायचे आणि मग ते वाचवल्याबद्दल चार हजार मोजायचे. साध्या १२१०० मधलं ग्राफिक यूट्यूबचे एव्ही१ या नव्या पद्धतीनं दाबून लहान केलेले व्हिडिओसुद्धा प्रोसेसरला घाम न फोडता चालवतं, असं मी सांगत होते, तेव्हा तो फोनवर कुणाला तरी टोनर पाठवत होता.

रॅमवर मात्र आमचं एकमत झालं, कारण रॅमच्या भावापुढे दोघंही सारखेच हतबल होतो. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी बनवतात. त्यांना आता एआयच्या डेटा सेंटरांची गिऱ्हाइकी लागलीय, आणि मायक्रॉननं तर २०२५ च्या डिसेंबरात घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशियल ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. तिकडे कॅलिफोर्नियात कुणीतरी यंत्राला प्रेमकविता लिहायला सांगतो आणि इकडे नव्या पेठेत माझी रॅम महागते. माझं तीस हजारांचं बजेट या एका ओळीत संपत आलं.

"सुताचं असंच असतंय."

हा आवाज कूलरच्या दिशेनं आला. दुकानात एकच कूलर होता, त्याच्यासमोर एकच स्टूल होतं, आणि त्यावर ते शाई भरून घ्यायला आलेले अण्णा बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, खांद्यावर जाडजूड पांढरा टॉवेल. ते मध्ये असल्यामुळे हवा आमच्यापर्यंत येतच नव्हती. "तिकडं कोइमतूरला भाव चढला की इथं आमचे लूम गप," ते म्हणाले. "तुमचं रॅम म्हंजे सूतच की वो अक्का."

कबूल करते, वाक्य मला आवडलं. तिथंच मी सावध व्हायला हवं होतं.

मग आला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कॉम्प्युटरला पचेल अशी करून देणारा डबा. दुकानदारानं कॅबिनेट पुढे सरकवलं. त्यात एक आधीच बसवलेला होता. "ह्याच्यासोबतच येतंय मॅडम, वेगळं कशाला?" मी मान वाकडी करून त्याचं स्टिकर वाचलं. वर ठळक ४५० वॅट. खाली भिंग लागेल अशा अक्षरांत, १२ व्होल्टला १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. हल्लीच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवरच पडतो. "मग उरलेले २५८ वॅट कुठे गेले?" मी विचारलं.

"मॅडम, तुमच्या मशीनला शंभर-सव्वाशेच्या वर लागतच नाहीत."

हे खरं होतं, म्हणून जास्त राग आला. मी त्याला समजावलं की प्रश्न किती लागतात हा नाही. जो स्टिकरवरच खोटं बोलतो, तो आत काय लावत असेल? चांगला एसएमपीएस व्होल्टेज भडकलं की स्वतः बंद पडतो आणि बाकीच्यांना वाचवतो. हलका जाताना बोर्डालाही सोबत नेतो. त्यात आमच्याकडचा उन्हाळा, चव्वेचाळीस डिग्री, गेलेली लाइट येते ती दणका देऊनच. मी १२ व्होल्ट सांगितले, सुरक्षा सांगितली, ८० प्लस म्हणजे निदान ऐंशी टक्के वीज कामी येण्याची हमी, हेही सांगितलं. मी इतकं सविस्तर तर लग्न ठरवतानाही बोलले नव्हते. दुकानदार ऐकत होता, चेहऱ्यावर "पोरं शाळेत गेली की बायकांना वेळ असतो" असा समजूतदार भाव.

"आण बघू इकडं," अण्णा म्हणाले.

पोऱ्यानं चार स्क्रू काढून तो डबा त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो उजव्या तळव्यावर घेतला. डोळे मिटले. हात दोनदा वर-खाली केला. दुकान शांत. टोनरवाला फोनसुद्धा थांबला.

"पाऊण किलो," अण्णा म्हणाले. "दुसरा हाय का?"

पोऱ्यानं मागून माझ्या यादीतला खोका आणला. तो डाव्या तळव्यावर. पुन्हा डोळे मिटले.

"दीड." अण्णांनी डोळे उघडले. "अरे, ह्ये हलकंय की बे. काढ ते. ताईला चांगलं दे."

"देतो की अण्णा," दुकानदार म्हणाला, आणि बिलबुकात लिहूनही टाकलं.

बस. एवढंच. बारा सोळे नाही, ऐंशी टक्के नाही. अण्णा बरोबर होते, हे त्यातलं सगळ्यात वाईट. आतलं तांबं, उष्णता खेचणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोठे कपॅसिटर, यांनीच वजन येतं. स्वस्तातला डबा हलका असतो तो याच गोष्टी गाळल्यामुळे. हे मी त्यांना लगेच सांगायला गेले. म्हटलं, अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण ते का बरोबर आहे ते असं की... "असंच असतंय अक्का," त्यांनी मला धीर दिला. "टॉवेलमध्ये जीएसएम बघायचं. एक चौरस मीटरला किती ग्रॅम. हॉटेलला पाचशे-सहाशेचा जातो. हलका घेतला की चार धुण्यांत जाळी."

यशाची चटक वाईट. त्यानंतर अण्णांनी सगळंच मागवलं. कॅबिनेट उचललं: "नुसता पत्रा हाय." प्रोसेसरचा खोका हलवून बघितला: "आत हाय का न्हाय?" बोर्ड हातावर तोलला आणि काही न बोलता मान हलवली. शेवटी पोऱ्यानं एसएसडी दिली. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, पापुद्र्यासारखी पातळ पट्टी. अण्णांनी ती तळव्यावर ठेवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ काहीच झालं नाही.

"ठेवलास का?" त्यांनी विचारलं.

"ठेवलीय अण्णा."

डोळे उघडून त्यांनी खात्री करून घेतली. "केवढ्याला?"

"चार हजार."

अण्णांचे ओठ हलायला लागले. "धा ग्रॅम धर. धा ग्रॅमला चार हजार. ग्रॅमला चारशे." एक श्वास घेतला. "चार लाख रुपये किलो!"

दुकानातले सगळे माझ्याकडे बघायला लागले. झेरॉक्सला आलेला एक मुलगा म्हणाला, "बाप रे." पोऱ्यानं ती पट्टी हळूच खोक्यात परत ठेवली, जणू आता ती तिजोरीत जायची. आणि दुकानदार, ज्यानं स्वतः तो भाव सांगितला होता तोच, मला म्हणाला, "बघा मॅडम, अण्णा काय म्हणायलेत. त्यापेक्षा साधी हार्ड डिस्क टाकू का? चांगली वजनदार येते."

मी जवळजवळ ओरडलेच. फिरत्या तबकड्यांच्या डिस्कवर विंडोज ११ चालू व्हायची वाट बघत बसायची माझी तयारी नव्हती, शिवाय त्या दिवशी आमच्याकडे पाणी यायचं होतं. सोलापुरात पाण्याचा दिवस चुकवून कुणी तत्त्वासाठी भांडत नाही. "एसएसडीच पाहिजे," मी म्हटलं, "किलोभर द्या." कुणी हसलं नाही.

पुढे बिलाचं झालं. "बिल पाहिजे का? मग अठरा टक्के वरती." म्हणजे आतापर्यंत सांगितलेले भाव कुठल्या देशातले होते? बिलाशिवाय वॉरंटीला कुणी दारात उभं करत नाही, हे त्याला माहीत, मला माहीत. अण्णा म्हणाले, "कागदाला काय वजन असतंय अक्का?" मी बिल घेतलं. जोडणीचे पाचशे वेगळे दिले. सहा स्क्रू, चार वायरी आणि पेस्टचा एक ठिपका, एवढ्याला पाचशे. मशीन उत्तम चाललंय, त्याबद्दल तक्रार नाही; पंख्याचा आवाज इतका कमी की सासरे अधूनमधून हात लावून बघतात. तक्रार माणसांबद्दल आहे.

कारण मी पैसे मोजत असताना अण्णांनी काउंटरवरची माझी पालथी यादी उचलली, सुलटी केली, चष्मा लावला आणि समासातल्या टिपांसकट सगळी वाचली. त्या दुकानात ती वाचणारा तो पहिला माणूस. "झकास लिवलंय," ते म्हणाले. "नातवाला असाच एक बनवायचाय. रेट काय लावशील बे?"

"तुम्हाला काय सांगू अण्णा," दुकानदार म्हणाला, "बसवायचे पैसे नकोत तुमच्याकडून. जुनं गिऱ्हाईक."

मी म्हटलं, निदान माझी यादी तरी परत द्या.

अण्णा ती घडी घालून दोन पेनांच्या मागे खिशात सरकवत होते, तेवढ्यात थांबले, विचार केला, आणि ती पोऱ्याकडे दिली. "अक्काला एक झेरॉक्स काढून दे बे."

पोऱ्यानं काढून दिली. फिक्की आली होती, समास अर्धा कापलेला. वर त्यानं हात पुढे केला. दोन रुपये.