बोट लागू नये म्हणून आणि बोट चुकू नये म्हणून

दिवाळी झाली की क्रूझच्या चौकश्या सुरू होतात. मुंबईहून गोवा-लक्षद्वीप किंवा सिंगापूरहून पेनांग-फुकेत, तीन-चार रात्री, सोबत आई-वडील. आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: बाल्कनी घ्यावी का?

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्याच क्रूझला बाल्कनीवर पैसे घालू नका. तेच पैसे जहाजाच्या मधोमध असलेल्या खोलीवर, बंदराच्या गावी आदल्या रात्रीच्या मुक्कामावर आणि प्रवास विम्यावर घाला. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर नक्कीच.

आधी खोलीचं बघू. जहाज लाटेवर सी-सॉसारखं वरखाली होतं. सी-सॉच्या टोकाला बसलेलं मूल सर्वात जास्त उसळतं आणि मधल्या दांड्याशी जवळपास हालचाल नसते. जहाजाचंही तेच. नाळेकडच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आणि अगदी मागच्या खोल्या जास्त हलतात, मधल्या कमी. शिवाय जहाज डाव्या-उजव्या बाजूला डुलतं तेव्हा जितकं वर जाल तितका झोका मोठा. म्हणजे सर्वात वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, महागडी बाल्कनी ही सर्वात जास्त हलणारी खोली असते. खालच्या मजल्यावरची, बरोबर मधली, बिनखिडकीची खोली स्वस्त आणि स्थिर. जहाजाला पाण्याखाली पंख असतात, स्टॅबिलायझर म्हणतात त्यांना. पण ते डुलणं कमी करतात, नाक वरखाली होणं नाही.

बुकिंग करताना एजंटकडून डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागून घ्या आणि तुमच्या खोलीच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील तर उत्तम. वर पोहण्याचा तलाव असेल तर भल्या पहाटे खुर्च्या ओढण्याचे आवाज येणार. खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत धडधड. अगदी पुढची खालची खोली असेल तर नांगराची साखळी सुटते तेव्हा दचकून जाग येते, आणि धक्क्याला लागताना पुढच्या बाजूची यंत्रं चालू झाली की पलंग थरथरतो. ‘सी व्ह्यू’च्या काही खोल्यांसमोर लाइफबोट टांगलेली असते, खिडकीतून दिसतं ते फक्त तिचं नारिंगी पोट. अशा खोल्यांना ‘ऑब्स्ट्रक्टेड’ म्हणतात, त्या स्वस्त असतात, पण माहीत असून घ्याव्यात. आणि ‘गॅरंटी’ नावाची सवलतीची खोली म्हणजे कंपनी देईल ती जागा. ज्याला एसटीत घाट लागतो त्याने त्या सवलतीच्या नादी लागू नये.

आता बोट लागण्याचं. डोळे मेंदूला सांगतात की आपण खोलीत स्थिर आहोत, आतला कान सांगतो की आपण हलतोय. या विसंवादातून मळमळ सुरू होते. म्हणून बंद खोलीत मोबाइल बघत पडून राहणं हा सर्वात वाईट उपाय, आणि नेमकं तेच सगळे करतात. उघड्या डेकवर मधल्या भागात यावं, वाऱ्याला उभं राहावं आणि नजर क्षितिजाच्या रेषेवर ठेवावी. पोट रिकामं ठेवणंही चूक आहे. खाखरा, कुरमुरे, टोस्ट असं कोरडं थोडं थोडं खात राहावं. आलेपाकाच्या वड्या खिशात ठेवाव्यात, आल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. तळलेलं आणि दारू त्या दिवशी नको.

गोळी मळमळ सुरू होण्याआधी घ्यायची असते. एकदा उमासे सुरू झाले की गोळी पोटात टिकत नाही. ॲव्होमिन किंवा स्टुजेरॉन आपल्याकडे सहज मिळतात, पण दोन्हींनी झोप येते, म्हणून घरी असताना एकदा घेऊन अंगाला कशी लागते ते बघावं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये, त्यांचं औषध बालरोगतज्ज्ञाकडूनच लिहून घ्यावं.

समुद्र आणि महिना निवडला तर निम्मं काम होतं. आपला अरबी समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारी बहुतेक शांत असतो. कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्यात जातात ते उगाच नाही. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा वादळांचा काळ. मलाक्काच्या सामुद्रधुनीला सुमात्राचा आडोसा आहे, त्यामुळे सिंगापूर-पेनांग-फुकेत हा मार्ग पहिल्या खेपेला चांगला.

आता बोट चुकण्याचं. जहाज कोणासाठी थांबत नाही, कारण बंदरातली जागा, जहाजाला बंदराबाहेर वाट दाखवणारा पायलट, भरती-ओहोटी सगळं ठरलेलं असतं. प्रवाशांची यादी निघण्याच्या बरीच आधी बंद होते. कंपनीनुसार एक-दोन तास. तेव्हा ‘संध्याकाळी पाचला सुटतं, चारला पोचू’ हा हिशोब चुकीचा. पुण्याहून मुंबईला येणाऱ्यांनी त्याच दिवशी सकाळी एक्सप्रेस वेवर भरवसा ठेवू नये. खंडाळ्याच्या घाटात एक कंटेनर बंद पडला की तीन तास गेले. आदल्या संध्याकाळी ट्रेनने सीएसएमटीला उतरावं, तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळच आहे. सिंगापूरला तर आदल्या दिवशीच पोचायचं. रात्रीचं विमान पकडून पहाटे उतरून दुपारी जहाज, हे कागदावर बसतं, पण विमान रद्द झालं की सगळं बुडालं. आणि तिकिटावर कोणतं टर्मिनल छापलंय ते बघा. मरीना बे आणि हार्बरफ्रंट ही दोन वेगळी ठिकाणं आहेत, टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ’ सांगून चालत नाही.

सर्वात जास्त फसवतं ते घड्याळ. सिंगापूर आणि मलेशियाची वेळ एकच, थायलंड एक तास मागे. पण जहाज बऱ्याचदा आपलं घड्याळ बदलत नाही, ते सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. तुमचा फोन मात्र फुकेतला उतरताच आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. समजा, परत येण्याची शेवटची वेळ साडेचार सांगितली आहे. जहाजावर साडेचार वाजतात तेव्हा फोनवर साडेतीनच वाजलेले असतात. तुम्ही फोन बघून निवांत साडेचारला धक्क्यावर येता तेव्हा जहाजावर साडेपाच झालेले असतात. उपाय अगदी साधा आहे: प्रत्येकाने मनगटावर साधं घड्याळ बांधायचं, चढल्याबरोबर ते जहाजाच्या वेळेला लावायचं आणि उतरेपर्यंत हात लावायचा नाही.

बंदरात स्वतंत्र टॅक्सी करून फिरणार असाल तर शेवटच्या वेळेच्या किमान दीड तास आधी परत निघा. जहाजाच्याच सहलीची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. रोज खोलीत छापील पत्रक येतं, त्यात त्या बंदरातल्या जहाज कंपनीच्या एजंटचा फोन नंबर असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. उतरताना पासपोर्टची प्रत, एक बँकेचं कार्ड आणि दिवसभराची औषधं खिशात हवीतच.

काही ठिकाणी जहाज धक्क्याला लागतच नाही. लक्षद्वीपची खाजणं उथळ आहेत, मोठं जहाज प्रवाळाच्या बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेतात. फुकेतला पातोंगसमोरही अनेकदा असंच. याला टेंडर म्हणतात. बोट आणि जहाज दोन्ही हलत असताना मध्ये पाऊल टाकायचं असतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना आणि व्हीलचेअरवाल्यांना हे जड जातं, समुद्र उसळला तर त्यांना सोडतही नाहीत. कोणत्या बंदरात टेंडर आहे हे बुकिंगआधी विचारा. हवा बिघडली तर बंदरच रद्द होतं, आणि परत मिळतो तो फक्त बंदराचा कर. लक्षद्वीपला प्रवेश परवाना आपल्या नागरिकांनाही लागतो, आणि किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलायचा नाही.

व्हिसात एकच गोष्ट बघा: प्रवेश किती वेळा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परत येता म्हणजे दुसऱ्यांदा प्रवेश करता. बार्सिलोनाहून निघून मध्ये ट्युनिशिया किंवा तुर्कस्तान घेऊन परत आलात तर शेंगेन व्हिसाही एकाहून जास्त प्रवेशांचा हवा. सिंगल एंट्रीवाल्याला चढतानाच अडवतात.

मोठी बॅग धक्क्यावर घेतात, ती खोलीच्या दारात संध्याकाळीसुद्धा येऊ शकते. म्हणून पासपोर्ट, बीपी-शुगरच्या गोळ्या, इन्सुलिन, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. पासपोर्ट मोठ्या बॅगेत टाकून रांगेत उभं राहिलेली कुटुंबं दर खेपेला असतात. केटल, इस्त्री, इमर्शन रॉड, अगरबत्ती काढून घेतात, आणि ते योग्यच आहे, समुद्रात आगीइतकं भयंकर काही नाही. सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्डही नको, जहाजाची वीजजोडणी घरासारखी नसते आणि त्यात तो तापून पेटू शकतो. गरम पाण्यासाठी थर्मास न्या, बुफेतून भरून मिळतं. खोलीच्या भिंती लोखंडी असतात, चुंबकाचे चार हुक नेले तर ओले टॉवेल आणि टोप्या टांगता येतात. आणि सिंगापूरला खसखस चालत नाही. अनारसे, खसखशीचा मसाला, काहीही नाही.

सेफ्टी ड्रिलला, म्हणजे संकटात काय करायचं त्याच्या सरावाला, जा. यावर मी अडून बसणार. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कितीतरी घरांत ती आठवण अजून आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं, ३२ जण मेले, आणि त्या दिवशी चढलेल्या अनेकांचं ड्रिल झालंच नव्हतं. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावं लागतं. आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओ बघून ठरलेल्या जागी खोलीचं कार्ड स्कॅन करायचं असतं, दहा मिनिटांचं काम. सात लहान भोंगे आणि एक लांब, हा इशारा आई-वडिलांना पाठ करून द्या. खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ती त्यांच्यासोबत चालत मोजा, कारण धुरात डोळ्यांना दिसत नाही, भिंतीला हात लावून मोजत जावं लागतं. लिफ्ट तेव्हा वापरायची नाही. मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घ्या.

बाल्कनी किंवा डेकवरून समुद्रात काहीही टाकू नका. निर्माल्य नाही, नारळही नाही. भावना कळते, पण जहाजावरून टाकण्यास मनाई आहे, आणि वाऱ्याने ते खालच्या बाल्कनीत येऊन पडतं. सिगारेटचं थोटूक तर नाहीच नाही.

हात साबणाने वीस सेकंद धुवा. जहाजावर पसरणारा जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, आणि आपण हाताने जेवतो. जैन किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण बुकिंगच्या वेळी लेखी सांगा, शिवाय पहिल्या रात्री मुख्य वेटरला दुसऱ्या दिवसाचं सांगून ठेवा. एकादशी येत असेल तर राजगिऱ्याचे बंद पाकिटातले लाडू सोबत असू द्या.

पैशाचं थोडक्यात. जहाज सुटताच फोन एअरप्लेन मोडवर टाका, समुद्रातलं नेटवर्क उपग्रहाचं असतं आणि तुमच्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं. जहाजावरच्या खर्चाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका, त्यावर अनामत अडकते आणि सुटायला दिवस लागतात. क्रेडिट कार्ड द्या. सर्व्हिस चार्ज माणशी रोज लागतो, मुलांचाही, तो तिकिटात आहे की नाही हे आधीच विचारा. जहाजावरचा दवाखाना खासगी दराचा असतो आणि आपली घरची मेडिक्लेम परदेशात बहुतेक चालत नाही, तेव्हा प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नका. चोवीस आठवड्यांपुढच्या गर्भवतीला बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी सकाळचे कपडे आणि चपला बाजूला काढा. सगळं बॅगेत भरून रात्रीच्या कपड्यांत अडकलेली माणसं प्रत्येक जहाजावर सापडतात. बिल त्याच रात्री टीव्हीवर किंवा रिसेप्शनला तपासा, सकाळी रांग लागते. आणि परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका, सगळ्यांना उतरवायला दहा वाजतात.