ब्लाउजची माया

परवा माळ्यावरची बॅग उतरवली तर तळाशी लग्नातल्या शालूवरचा ब्लाउज निघाला. मोरपंखी, बाहीला जरीचे काठ. आरशासमोर घालून बघायला गेले, दंडापर्यंत आला आणि तिथंच बसला. तेवीस वर्षं झाली, बसणारच. तसाच पिशवीत टाकून कोपऱ्यावरच्या शिलाईवाल्या मावशींकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, बगलेखालच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "कुणी शिवलंय हे? लई शहाणी बाई असंल. दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच माया हाय आत."

ज्यांना शिवणातलं कळत नाही त्यांच्यासाठी (म्हणजे या ग्रुपातल्या बहुतेक पुरुषांसाठी) सांगते. शिवताना कडेला जादा कापड दुमडून आत ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाई अंगानं भरली की टीप उसवायची आणि माया सोडायची. औशातल्या ज्या बाईनं २००२ साली माझा ब्लाउज शिवला तिला पक्कं ठाऊक होतं की ही काडीसारखी पोरगी अशीच राहणार नाही. दोन लेकरं होतील, चाळिशी येईल. तिनं त्याची सोय आधीच शिवणीत करून ठेवली. उपदेश नाही, काही नाही.

आता तयार कुर्ती आणायला लातुरात जा. काउंटरवरचा पोरगा आपल्याकडे एक नजर टाकतो आणि वरच्या मजल्यावर ओरडतो, "डबल एक्सेल टाक रे एक, ताईंसाठी!" दुकानातल्या अकरा बायका वळून बघतात. मी बारावीच्या पोरांना तीस-तीस मिनिटं उभी राहून शिकवते, तेव्हा घाम फुटत नाही. तिथं फुटतो. आणि त्या कुर्तीत माया नसतेच. कडेला पाव इंचाचा ओव्हरलॉक. तुम्ही वाढलात तर तुमची चूक.

माझी आजी इरकली लुगडं नेसायची, नऊवार, आणि वर खणाची चोळी. चोळीला पुढं गाठ. उन्हाळ्यात वाळली तर गाठ आत, दिवाळीत भरली तर बाहेर. तिला स्वतःचं माप जन्मात माहीत नव्हतं. तिच्या तोंडी बायकांसाठीचे चांगले शब्दही वेगळे होते. "अंग धरलंय गं पोरीनं." "खाल्लेलं अंगाला लागलंय." बाळंतपणाहून परतलेली लेक भरून आली की माहेरचं नाव व्हायचं. आणि एखादी वाळून आली, तर शेजारीण पदराआडून विचारायची, "सासरी काही तरास हाय का माय?"

जुनं ते सोनं म्हणायला मी बसलेली नाही. आजीला भरलेलं अंग आवडायचं कारण तिनं बहात्तरचा दुष्काळ बघितला होता. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी मिळायची, ती आणून घरात वाटायची. त्यात बायकांच्या वाट्याला काय यायचं ते सांगायला नको. अशा माणसाला गुबगुबीत नात म्हणजे घरात धान्य आहे याची पावती वाटणारच. गंमत बघा, त्याच १९७२ साली तिकडं अमेरिकेत अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं उंचीच्या मानानं वजन मोजणाऱ्या एका जुन्या सूत्राला नवं नाव दिलं, बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय. सूत्र मुळात बेल्जियमच्या केटले याचं, १८३२ च्या सुमाराचं. तो डॉक्टर नव्हता. खगोलशास्त्र आणि संख्याशास्त्र करणारा माणूस, 'सरासरी माणूस' कसा असतो ते शोधत होता. आमची आजी खडी फोडत होती तेव्हा बारसं झालेला तो आकडा आज आमच्या गल्लीतल्या जिमच्या भिंतीवर लाल-पिवळ्या रंगात टांगलेला आहे. मी लाल पट्ट्यात आहे. आजी कुठं असती कुणास ठाऊक, बहुधा तक्त्याच्या बाहेर.

आता आपल्या तोंडात कोणता शब्द आहे? "किती सुटलीस गं!" लग्नात, हळदीकुंकवात, दवाखान्याच्या रांगेत. नमस्कार-चमत्काराच्या आधी. मी मराठीच शिकवते म्हणून या शब्दावर जरा जास्तच अडते. सुटली म्हणजे आधी कुठंतरी बांधलेली होती. आणि लग्नाच्या बायोडाटात मुलीचा रकाना काय असतो? 'बांधा'. बांधा सडपातळ, वर्ण निमगोरा. माझ्या धाकट्या दिराचा बायोडाटा मीच टाइप केला होता. त्यात बांधा नव्हता, शेती होती. साडेचार एकर, पैकी दोन बागायती. पोट म्हणाल तर तेही बागायतीच होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

मी पण बांधून घ्यायचे प्रयत्न केले. २०१८ च्या सुमारास आमच्या लातुरात तर लाटच होती. डॉ. जगन्नाथ दीक्षित तेव्हा इथल्याच सरकारी मेडिकल कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळं आम्हाला ते घरचेच. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. लग्नाच्या पंगतीत बायका घड्याळ बघून श्रीखंड वाढून घ्यायच्या. "तू दीक्षित की दिवेकर?" (म्हणजे आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर) हा पक्ष विचारल्यासारखा प्रश्न. माझी सासू म्हणाली, "दोनच येळा जेवायचं, त्यात नवीन काय? आमी सगळ्यांचं झाल्यावर तेवढंच जेवतोय की." यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

त्यानंतर वजन उतरवायला शेक पाजणारा एक क्लब. नाव लिहीत नाही. सकाळी सहाला एका गच्चीवर जमायचं, टेपनं सगळ्यांसमोर पोट मोजायचं, कमी झालं की टाळ्या. माझं एकदा वाढलं. टाळ्या नाहीत. कॉलेजात पोरं नापास झाली की मी त्यांना इतक्या दयेनं बघत नाही, जितक्या दयेनं त्या बायांनी मला बघितलं. तीन महिने केलं, केस गळाले, पैसे गेले. थायरॉइडची तपासणी कर, असं त्या गच्चीवर एकीलाही सुचलं नाही. ती पुढं वर्षभरानं झाली आणि गोळी सुरू झाली.

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं, हसण्यावारी नेण्यासारखं. आता जे लिहिणार आहे ते लेकीला विचारून लिहितेय. तिनं दोन ओळी कापायला लावल्या आणि वजनाचा आकडा लिहायचा नाही असं बजावलं. का, तर ते वाचून एखादी पोरगी तेवढंच गाठायचं ठरवेल. तिला माहीत आहे, तिनंही असंच कुणाचं तरी वाचून ठरवलं होतं.

ती पुण्यात इंजिनिअरिंगला. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीत आली तेव्हा छान बारीक झालेली. सगळ्यांनी तेच म्हटलं. नणंद म्हणाली, "काय मेंटेन केलंय हिनं, आईला जरा शिकव." मी पण म्हटलं. व्हिडिओ कॉलवर तर मीच आधी म्हटलं होतं, "गालाची हाडं मस्त दिसायला लागलीत गं." हे वाक्य मला आता रात्री आठवतं.

येळवसला सगळे शेतात होतो. बाहेरच्यांना ही येळवस कळणार नाही. वेळ अमावस्येला लातूर-धाराशिवकडं शहरं ओस पडतात, माणूस शेतात कडब्याची खोप करून जेवतं. भज्जी (ओल्या दाण्यांची, पालेभाज्यांची), आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात, नाही म्हणायची सोय नाही. लेकीनं पानात चमचाभर भज्जी घेतली आणि फोन काढून काहीतरी शोधायला लागली. आत्या म्हणाली, "काय करलालीस गं फोनमध्ये, जेव की." ती ॲपमध्ये कॅलरी बघत होती. ॲपला भज्जी म्हणजे कांद्याचीच माहीत. उंडे नाहीतच, आंबील नाही. तिच्या कपाळावर खरंखुरं टेन्शन. जे मोजता येत नाही ते खायचं नाही, असा तिचा नियम होता, हे आम्हाला नंतर कळलं. चमचाभर भज्जी तिनं खोपीमागं कुत्र्याला घातली. ते मी बघितलं आणि बोलले नाही. चारचौघांत कशाला, म्हणून.

दीड महिन्यानं होस्टेलच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. हिमोग्लोबिन आठच्या खाली. पाळी चार महिने आलेली नव्हती आणि ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई चांगल्या भेटल्या. म्हणाल्या, "दुकानात माल येईना म्हणून शरीरानं शटर ओढलंय. उघडेल, पण माल भरायला लागेल." आहारतज्ज्ञाकडं जाऊन झालं, समुपदेशकाकडं जाऊन झालं. आठ महिने. त्यातल्या एका बैठकीला मलाही बसवलं आणि विचारलं, घरात शरीराबद्दल कोण काय बोलतं? मी गच्चीवरच्या टाळ्यांपासून सगळं सांगितलं. लेक खाली मान घालून ऐकत होती. तिला ते सगळं आधीच पाठ होतं.

त्या काळात वाचलेलं फिजी बेटांवरचं एक प्रकरण डोक्यातून जात नाही. तिथंही आपल्यासारखंच, भरलेली बाई म्हणजे चांगल्या घरची. १९९५ मध्ये नद्रोगा नावाच्या भागात टीव्ही आला. तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं तर वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी एकही नव्हती. तीन वर्षांनी, १९९८ मध्ये, ११.३ टक्के मुलींनी होय म्हटलं. मुली थोड्याच होत्या, साठेक, तरी तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. आमच्या गावात टीव्ही येऊन चाळीस वर्षं होत आली. हातात फोन येऊन किती, ते तुम्हीच मोजा.

"पण जाडेपणानं शुगर होते की," असं कुणीतरी खाली कमेंटमध्ये लिहिणारच, म्हणून आधीच सांगते. होते. मी रोज संध्याकाळी पाऊण तास चालते, माझी शुगर नॉर्मल आहे. माझे भाऊजी काडीपैलवान, एकोणचाळिसाव्या वर्षी गोळ्या चालू. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, आपले याज्ञिक २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून भरलेले. आपल्याकडं हे सर्रास आहे, म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ वर धरतात. म्हणजे 'दिसते बारीक' या वाक्यात तब्येतीबद्दल फारसं काही नसतं. ज्याला खरंच काळजी आहे त्यानं रक्त तपासायला सोबत यावं. मांडवात हाताचा दंड चिमटीत धरून बघू नये. (मावसकाकू, हे तुम्हाला आहे. राग मानू नका.)

आणि काळजीच करायची तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचं पान बघा. १५ ते ४९ वयाच्या बायकांत जादा वजनाच्या २३.४ टक्के, कमी वजनाच्या २०.८, आणि रक्त कमी असलेल्या ५४.२. म्हणजे निम्म्याहून जास्त. यावर कुणी हळदीकुंकवात बोलत नाही. "किती पांढरी पडलीस गं" असं कुणी म्हणालं तर तेही कौतुकच, गोरी झाली म्हणून. बीडकडची ऊसतोडणीवाली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. अंगावर मुठीत धरायला मांस नसतं. तिला कुणी विचारत नाही, काय मेंटेन केलंयस म्हणून.

पुरुषांना, जाहिरातींना, इन्स्टाला शिव्या घालायच्या असतील तर घाला, मी पण घालते. पण माझ्या लेकीच्या कानात जे शब्द बसले होते ते सगळे बायकांच्या तोंडचे होते. आत्याचे, नणंदेचे, रूममेटचे, माझे. प्रेमानंच म्हटलेले. त्यामुळं भांडायचं तरी कुणाशी?

लेक आता बरी आहे. पूर्ण नाही. अजून पंगतीत बसताना आधी पानाकडं बघते, मग माझ्याकडं. मी दुसरीकडं बघायला शिकलेय.

चुलत भावाचं लग्न आहे डिसेंबरात, म्हणून मागच्या रविवारी तिला त्याच मावशींकडे ब्लाउजला घेऊन गेले. मावशींची एक रीत आहे, ती मला इतक्या वर्षांत त्या दिवशी पहिल्यांदा कळली. त्या माप मोठ्यानं बोलत नाहीत. टेप लावतात, आकड्यावर नख धरतात, वहीवर वाकून लिहितात आणि वही पालथी ठेवतात. दंड, छाती, कंबर, सगळं मुक्यानं. लेक श्वास ओढून उभी होती. मावशी म्हणाल्या, "सोड गं श्वास, जेवायचंय तुला त्यात." तिनं सोडला. मावशींनी परत टेप लावला, आधीचा आकडा खोडला, नवा लिहिला.

"माया ठेवायची ना?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. जरा विचार करून म्हणाली, "ठेवा. पण बाहेरून दिसू देऊ नका."