‘भाडेकरू मुंबई अडवून बसलेत’ म्हणणाऱ्यांना एका भाडेकरूच्या मुलीचं उत्तर

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप तर आमच्या गिरगावातल्या जुन्या चाळीचाच. मजकूर थोडक्यात असा: दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागी पन्नास-शंभर रुपये भाडं देऊन लोक पिढ्यान् पिढ्या फुकट राहतात. त्यांच्यामुळे मालक दुरुस्ती करत नाहीत आणि इमारती पडतात. पुनर्विकास आला की हेच लोक हव्यासापायी तो अडवतात. तेव्हा त्यांना दोन-तीन वर्षांसाठी उपनगरात हलवा आणि तिथे खाली दुकानं, मध्ये ऑफिसं, वर भाड्याची घरं असे टॉवर उभे करा, म्हणजे नोकरी करणाऱ्या तरुणांना कामाजवळ राहता येईल.

वाचायला सरळ वाटतं. माझे बरेच मित्र ‘बरोबर आहे’ म्हणून मोकळे झाले. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

‘फुकट राहतात’

आमच्या घराची शेवटची भाडेपावती माझ्यासमोर आहे. कार्बनची निळी अक्षरं, खाली मालकांच्या मेहताजींची सही. भाडं 94 रुपये. त्याखाली पालिकेचे कर, पाणी, दुरुस्ती उपकर, जिन्यातल्या दिव्याचे पैसे अशा वेगळ्या ओळी, आणि एकूण बेरीज भाड्याच्या कितीतरी पट. फॉरवर्डमध्ये फिरतो तो फक्त पहिल्या ओळीतला आकडा.

पण मोठी रक्कम या पावतीवर नाहीच. 1968 साली आजोबांनी या दोन खोल्या घेतल्या तेव्हा नऊ हजार रुपये पगडी, म्हणजे खोली घेताना मालकाला द्यायची एकरकमी रक्कम, मोजली. आजोबा गिरणीच्या ऑफिसात कारकून. आजीच्या पाटल्या मोडल्या, थोडे पैसे तिच्या भावाने दिले. त्या नऊ हजारांची पावती मिळाली नाही, कारण 1947 च्या भाडे कायद्याप्रमाणे पगडी घेणं गुन्हा होता. व्यवहार सगळा तोंडी, विश्वासावर. पगडीला कायद्याने मान्यता मिळाली ती 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, आणि तो लागू झाला 31 मार्च 2000 पासून. शिवाय पगडीची खोली दुसऱ्याच्या नावावर करायची तर मालक साधारण तिसरा हिस्सा घेतो, हा शहरभर चालत आलेला रिवाज. आधी घसघशीत रक्कम आणि मग नाममात्र भाडं, असा हा सौदा होता आणि तो दोन्ही बाजूंनी डोळे उघडे ठेवून केलेला होता. त्यातली फक्त दुसरी अर्धी बाजू दाखवून माणसाला फुकटा म्हणणं मला सहन होत नाही.

मालकांची एक बाजू मात्र खरी आहे. भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवायची आणि मग तिकडे पाहायचंच नाही, हा अन्यायच होता. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक मनमानी ठरवली. त्यानंतर आलेल्या कायद्यात वर्षाला 4 टक्के वाढ दिली, पण ती त्या गोठलेल्या आकड्यावर. शंभर रुपयांवर चार रुपये वाढून कुठली इमारत रंगणार? आमच्या मालकांच्या तिसऱ्या पिढीत सात वारस आहेत आणि त्यांतले दोघे आमच्यापेक्षा ओढगस्तीत जगतात. त्यांचा राग मला कळतो. पण भाडं किती हे आजोबांनी ठरवलं नव्हतं, सरकारने ठरवलं होतं.

आणखी एक. याच 1999 च्या कायद्याने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि 1 कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचं भाडेसंरक्षण काढून घेतलं. म्हणजे फोर्टातल्या बड्या कंपनीची कचेरी आणि ठाकूरद्वारची विधवा काकू यांना एकाच मापाने मोजण्याचं काही कारण उरलेलं नाही.

‘त्यांच्यामुळे इमारती पडतात’

दुरुस्ती कुणी करायची हा प्रश्न सरकारने 1969 सालीच अंगावर घेतला. त्या वर्षीच्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आलं, पुढे ते म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात गेलं. शहर भागातल्या 1940 पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, 1950 पर्यंतच्या ‘ब’ मध्ये आणि 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या ‘क’ मध्ये, अशा एकूण 19,642 इमारतींवर उपकर बसला. म्हणून त्यांना उपकरप्राप्त म्हणतात. तो उपकर भाडेकरूंच्या बिलातून जात आला आहे. मंडळाच्या खर्चाला कमाल मर्यादा असते. तिच्यापुढे खर्च गेला की वरचे पैसे भाडेकरूंनी भरायचे, नाहीतर काम अडतं.

आमच्या जिन्याखाली 1998 च्या पावसाळ्यात लाकडी टेकू लागले. ‘तात्पुरते’ म्हणून. मी तेव्हा सहावीत. आम्ही मुलं त्या टेकूवर खडूने उंचीच्या खुणा करायचो. खोली सोडली तेव्हाही तो टेकू तिथेच होता आणि माझ्या खुणेच्या वर माझ्या भाच्याची खूण होती. दर वर्षी मे महिन्यात कुणी तरी येऊन फोटो काढून जात असे.

31 ऑगस्ट 2017 ला भेंडी बाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळून तीसहून जास्त माणसं गेली. 16 जुलै 2020 ला फोर्टातली भानुशाली इमारत अर्धी खाली आली, 10 जण गेले. हुसैनीतली काही कुटुंबं आधीच दुसरीकडे हलवली होती, काही तिथेच राहिली होती, हे फॉरवर्डवाले लगेच दाखवतील. खरं आहे. पण लोक पडक्या घरात का राहतात याचं उत्तर पुढच्या दोन मुद्द्यांत आहे, हव्यासात नाही.

‘पुनर्विकास तेच अडवतात’

विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास करायला पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची. ती अट आता 51 टक्क्यांवर आली आहे. आमच्या चाळीत 32 बिऱ्हाडं. त्यांतल्या सतरांनी होकार दिला की काम सुरू. एखाद-दुसऱ्या हट्टी माणसाने अडवण्याइतकी जागा नियमात उरलेलीच नाही. आणि ज्याला हव्यास म्हणतात तो किती, तर किमान 300 चौरस फूट कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा.

खरा अडथळा कुठे आहे हे सरकारनेच कायद्यात लिहून ठेवलं आहे. म्हाडा कायद्यातल्या ज्या दुरुस्तीला 2022 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली, तिच्यातलं 79-अ कलम धोकादायक इमारतीच्या मालकाला प्रस्ताव आणायला सहा महिने देतं. त्याने आणला नाही तर पुढची संधी भाडेकरूंच्या सोसायटीला, आणि तेही जमलं नाही तर म्हाडा जागा ताब्यात घेऊ शकते. 91-अ कलम आहे अर्धवट सोडलेल्या प्रकल्पांसाठी. बिल्डरने पाया खणून पळ काढल्याच्या कहाण्या इतक्या झाल्या नसत्या, तर त्यासाठी वेगळं कलम कशाला लागलं असतं?

त्याआधी 1986 मध्ये याच म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं होतं, 8-अ. त्याप्रमाणे भाडेकरूंच्या सोसायटीने मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम भरून इमारत घ्यावी अशी सोय होती. मालकांनी त्याला आव्हान दिलं. तो वाद नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठापर्यंत गेला आणि प्रत्येक खासगी मालमत्ता ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा बहुमताचा निकाल 5 नोव्हेंबर 2024 ला आला. तीस वर्षांहून जास्त काळ. मालकांना कोर्टात जायचा हक्क होताच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो सगळा काळ भाडेकरूंच्या नावावर लिहू नका.

‘दोन-तीन वर्षांसाठी हलवा’

या एका वाक्यासाठी मी हे लिहायला बसले.

2016 च्या दिवाळीनंतर आम्ही खोली रिकामी केली. बिल्डरचं नाव लिहीत नाही. करार झाला, अकरा-अकरा महिन्यांच्या भाड्याचे धनादेश मिळाले. आई-बाबा डोंबिवलीला, शेजारचे काका-काकू विरारला, तळमजल्यावरचे शिंपीमामा कल्याणच्या पुढे. चाळ तीन आठवड्यांत पाडली. तिसऱ्या वर्षी धनादेश परत आला. मग ‘पुढच्या महिन्यात’, मग फोन बंद. आमच्या चाळीच्या जागी जोत्यापर्यंत बांधकाम, भोवती पत्रे, आत पावसाचं हिरवं पाणी. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून डोंबिवलीचं भाडं भरलं. ते गेले तेव्हा त्यांच्या आधार कार्डावर गिरगावचाच पत्ता होता. विक्रीचा फ्लॅट घेणारा गिऱ्हाईक निदान महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे दाद मागतो. पुनर्वसनातल्या भाडेकरूला ते दार सहसा उघडत नाही.

हे आमचंच नशीब असं म्हणाल, तर म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत जाऊन या. प्रतीक्षानगर, अँटॉप हिल, गोराई, मालवणी. इमारत पडली किंवा पाडली म्हणून ‘तात्पुरते’ आलेले लोक तिथे तीस-चाळीस वर्षं राहिलेत. शिबिरात जन्मलेल्या मुलांची लग्नं शिबिरात झाली. शेवटी 2019 मध्ये शासनाला तिथल्या रहिवाशांची अ, ब, क अशी वर्गवारी करावी लागली: मूळ भाडेकरू, त्यांच्याकडून गाळा विकत घेतलेले आणि घुसखोर. तात्पुरती सोय इतकी मुरली होती.

जिथे सगळं बरं चाललं तिथलीही वर्षं मोजा. बीडीडी चाळी म्हणजे मुंबईतल्या जुन्या सरकारी चाळी. त्यांच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल 2017 मध्ये झालं. जागा सरकारी, काम म्हाडाचं, बाहेर राहण्यासाठी महिना 25,000 रुपये भाडं. तरी वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांच्या हाती किल्ल्या आल्या 14 ऑगस्ट 2025 ला. एकशे साठ फुटांतून पाचशे फुटांत गेलेल्या त्या लोकांचे चेहरे पाहून मला मनापासून आनंद झाला. पण ती आठ वर्षं होती, दोन-तीन नव्हे. भेंडी बाजारात सैफी बुर्‍हाणी ट्रस्टने 2009 मध्ये साडेसोळा एकरांवर काम हाती घेतलं, पहिले दोन टॉवर 2020 मध्ये उभे राहिले. तिथे लोक हलले, कारण ट्रस्टवर भरवसा होता आणि माझगाव-घोडपदेवसारख्या जवळच्या भागात सोय केली होती. मुलांची शाळा आणि रोजचं दुकान सुटलं नाही.

हेच अंतर फॉरवर्ड लिहिणाऱ्याला दिसत नाही. माझी आई चर्नी रोडजवळच्या अकरा ऑफिसांना पोळी-भाजीचे डबे द्यायची. सकाळी सहाला कणीक, साडेअकराला डबे पोचते. डोंबिवलीला गेल्यावर डबे बंद झाले ते कायमचे. शिंपीमामांची गिऱ्हाइकं कल्याणला ब्लाउज टाकायला जाणार होती का? बिल्डरच्या हिशोबात घरभाडं असतं, बुडालेल्या धंद्याचा रकाना नसतो.

म्हणून आता कुणी विचारलं तर मी सांगते, करार नोंदणीकृत हवा आणि त्यात मजला, घर क्रमांक, कार्पेट लिहिलेलं हवं. पूर्ण मुदतीच्या भाड्याची बँक हमी आधी, किल्ली नंतर. पर्यायी घर एका बसच्या अंतरावर. हे मिळालं तर लोक आपण होऊन निघतात. गळकं छप्पर कुणाला आवडतं?

‘तिथे भाड्याची घरं होतील’

खाली दुकान, वर बिऱ्हाड ही गिरगाव-काळबादेवीत नवी गोष्ट नाही. आमच्या तळमजल्यावर शिंपी, छापखाना आणि लोणच्या-पापडाचं दुकान होतं, पहिल्या मजल्यावर वकिलांची कचेरी, वर आम्ही. शंभर वर्षं मिश्र वापरच चालू आहे.

राहिली भाड्याची घरं. 33(7) खाली भाडेकरूला मिळतं ते मालकीचं घर. बाकीचे मजले बिल्डर विकतो, कारण त्याच पैशांवर सगळा प्रकल्प उभा असतो. विक्रीचे मजले भाड्याने ठेवले तर भांडवल परत यायला कित्येक वर्षं लागतील, आणि गिरगावातल्या जमिनीचा भाव धरून निघणारं भाडं नोकरीला नुकत्याच लागलेल्या मुलाला परवडणार नाही. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगराच्या सरकारी विकास प्राधिकरणाने, 2008 मध्ये जादा चटईक्षेत्र (जास्त बांधकामाची परवानगी) देऊन 160 चौरस फुटांची भाड्याची घरं बांधायची योजना आणली होती. काही वर्षांत ती गुंडाळून परवडणाऱ्या विक्रीच्या घरांकडे वळवली गेली, आणि पनवेलजवळच्या कोन इथली त्यातली घरं गिरणी कामगारांना सोडतीत दिली गेली. सरकारी यंत्रणेला पनवेलजवळ जे टिकवता आलं नाही, ते खासगी बिल्डर ठाकूरद्वारला करील, यावर माझा विश्वास बसत नाही.

2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लाख घरं रिकामी होती. ती कुलपं उघडली जावीत म्हणून कर लावता येईल, भाडेकराराचे तंटे लवकर सुटतील अशी व्यवस्था करता येईल, सरकारी जमिनीवर कधीच विकता येणार नाहीत अशा अटीने भाड्याची घरं बांधता येतील. तरुणांना कामाजवळ घर मिळावं असं मलाही वाटतं, माझी भाची रोज कसाऱ्याहून येते. पण त्यासाठी आमच्या चाळीतल्या 32 बिऱ्हाडांना आधी कुठेतरी नेऊन सोडायची गरज का पडते, याचं उत्तर त्या मजकुरात कुठेच नाही.