डायनामोच असणार

सलग तिसऱ्या रविवारी गाडी ‘कट-कट-कट’ करून गप्प झाली, तेव्हा मी खाली उतरून बोनेट उघडलं. बोनेट उघडण्यापलीकडे गाडीतलं मला काहीही येत नाही. पण मुलुंडला, सोसायटीच्या आवारात, रविवारी सकाळी बोनेट उघडणं म्हणजे चारही मजल्यांवर अक्षत फिरवल्यासारखंच आहे. दहा मिनिटांत पाच जण हजर.

दुसऱ्या मजल्यावरचे काका सगळ्यांत पुढे. त्यांच्याकडे एके काळी फियाट होती, त्यामुळे गाडीच्या पोटात वीज बनवणारं जे काही असेल त्याला ते डायनामो म्हणतात. “डायनामो गेला तुझा,” काकांनी निकाल दिला. मग सवडीने म्हणाले, “आंबे मात्र छान होते हो परवाचे.” तीन आठवड्यांपूर्वी रत्नागिरीहून येताना दोन पेट्या आणल्या होत्या, त्यातला एक डझन त्यांच्याकडे गेला होता. नाक्यावरच्या मेकॅनिकने तर गाडी न बघताच, फोनवर, अल्टरनेटर (म्हणजे काकांचा डायनामोच) खाली उतरवावा लागेल असं सांगून टाकलं.

“पण एकदा चालू झाली की दिवसभर सेल्फ व्यवस्थित लागतो ना?” बायकोने विचारलं. प्रश्न इतका बिनचूक होता की मी तो ऐकलाच नाही असं दाखवलं.

त्या आठवड्यात एक दिवस ऑफिसमधून लवकर सटकून लॅमिंग्टन रोड गाठला आणि पिवळा मल्टिमीटर घेऊन आलो. शनिवारी रात्री मन लावून वाचन केलं. रविवारी सकाळी काकांच्या साक्षीने दोन टोकं बॅटरीच्या दोन टर्मिनलांना लावली, आणि चर्रकन अशी ठिणगी उडाली की काका तीन पावलं मागे गेले. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या भोकात राहिली होती. म्हणजे व्होल्टेज मोजण्याऐवजी मी बॅटरीचा प्लस आणि मायनस थेट जोडून दिला होता. मीटरच्या टोकावर काळा डाग पडला, तो अजून आहे. “मी सांगत होतो,” काका म्हणाले. त्यांनी काय सांगितलं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

वायर योग्य भोकात गेल्यावर मीटर म्हणाला ११.८. बारा व्होल्टची बॅटरी भरलेली असते तेव्हा १२.६ दाखवते, बाराच्या खाली गेली की ती जवळजवळ रिकामी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. शेजारच्या गाडीवरून जंपर केबल लावून इंजिन चालू केलं, केबल काढल्या आणि पुन्हा मोजलं: १४.१. हेडलाइट, एसी, पंखा, सगळं लावलं, तरी १३.८. चालू इंजिनावर साडेतेरा ते साडेचौदा मिळत असतील तर अल्टरनेटर बॅटरीला इमानेइतबारे चारतो आहे. मी विजयी मुद्रेने काकांकडे पाहिलं.

“मीटरबिटर काही नको. इंजिन चालू ठेवून बॅटरीची एक वायर काढ. गाडी बंद पडली की समजायचं, डायनामो गेला.”

ही युक्ती जुन्या गाड्यांच्या जमान्यातली. आताच्या गाडीत असं केलं तर व्होल्टेज एकदम उसळतं आणि आतला कंप्युटर बसतो. मी नम्रपणे नाही म्हणालो. काकांनी ते मनाला लावून घेतलं, पण ते तिथून हलले मात्र नाहीत.

येणारं बरोबर येतंय, म्हणजे कुठेतरी गळती आहे. मी इंजिन बंद केलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला. या वेळी लाल वायर मुद्दाम १० अँपिअरच्याच भोकात. खरी परीक्षा इथून पुढे. फ्यूजबॉक्स स्टिअरिंगखाली, म्हणजे दार उघडं हवं. दार उघडं की आतला दिवा लागणार. तेव्हा दाराच्या खांबावरचं ते रबरी बटण लेकीने अंगठ्याने दाबून धरायचं, आणि गाडी पूर्ण झोपेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं कोणी कशाला हात लावायचा नाही. मे महिना. लेकीच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळून टोकाशी थांबला होता आणि तिला तो पुसता येत नव्हता. अठराव्या मिनिटाला काकांनी पलीकडचं दार उघडलं. “किती किलोमीटर झाली बघतो.”

पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी आकडा स्थिरावला: ०.४५ अँपिअर. झोपलेल्या गाडीने घड्याळ, लॉक वगैरे सांभाळायला ०.०३, फार तर ०.०५ घ्यावं. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. ०.४५ दराने दिवसाला जवळपास अकरा. तीन-साडेतीन दिवसांत खडखडाट. आणि माझी गाडी निघते रविवारच्या रविवारी. बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने (परवानगीचा विषय नंतर निघाला) मी एकेक फ्यूज उपटत गेलो. हॉर्न, काही नाही. वायपर, काही नाही. सातवा काढला आणि आकडा धपकन ०.०३ वर आला. झाकणावर त्या जागी लिहिलं होतं ‘डोम’.

डोम म्हणजे छतातला दिवा, पण तो तर विझलेलाच होता.

“डिकीतही दिवा आहे ना?” बायको वरून, गॅलरीतून.

डिकी उघडली की तो लागतो हे सगळ्यांनाच माहीत. बंद केल्यावर विझतो की नाही, ते बघायचं कसं? लेक आत बसायला एका पायावर तयार होती, आईने नुसतं तिच्याकडे पाहिलं. मग फ्यूज परत लावला, मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला, तो जॅकला टेकवून ठेवला आणि डिकी लावली. दोन मिनिटं थांबलो. आवारातली मंडळी देवळाबाहेर थांबल्यासारखी गाडीमागे उभी.

व्हिडिओ मी रात्री बायकोला पुन्हा दाखवला. डिकी धाडकन बंद होते, तरी आत छान पिवळा उजेड. दिव्याचं सरकतं बटण ‘ऑन’ला टेकलेलं, आणि त्याच्या फटीत आंब्याच्या पेटीतल्या पेंढ्याची एक काडी अडकलेली. बाकी चित्र स्तब्ध. फक्त पत्र्यापलीकडून, घुमल्यासारखा, काकांचा आवाज येतो: “दिवाबिवा काही नाही रे. डायनामोच असणार.”