पडद्याखालचा ओके

आमच्या घरात एक लॅपटॉप आहे. म्हणजे मी त्याला लॅपटॉप म्हणतो. मेहुणा त्याला कंपासपेटी म्हणतो. मुलीच्या मैत्रिणींनी एकदा त्याची बटणं दाबून पाहिली आणि "काका, हा गाणी का नाही म्हणत?" असं अगदी काळजीने विचारलं. पडदा 10 इंची, मेमरी 2 जीबी आणि फायली ठेवायला 32 जीबीची ईएमएमसी चिप. मेमरी काय, चिप काय, दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेल्या, त्यामुळे वाढवायची किंवा बदलायची सोय नाही. पदरी पडलं आणि पवित्र झालं, त्यातला प्रकार.

घेताना अपेक्षा मोठ्या नव्हत्याच. चार ओळी लिहाव्यात, मेल पाहावी, पडल्या पडल्या काहीतरी वाचावं. हलका, स्वस्त, पंखाच नसल्यामुळे बिनआवाजी. तक्रारीला जागा नव्हती. नंतर कळलं की कशालाच जागा नव्हती. सोबत आलेली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे लॅपटॉप चालवणारा मूळ प्रोग्राम, निम्म्याहून अधिक जागेत पाय पसरून बसली होती. सहा महिन्यांनी ती म्हणाली, मोठं अपडेट आलंय, 8 जीबी मोकळी करा. माझ्याकडे होती 5. मी फोटो हलवले, गाणी हलवली, शेवटी स्वतःचं लिखाणसुद्धा पेन ड्राइव्हवर काढलं. जरा जागा झाली की ती लगेच निम्मं अपडेट उतरवून घ्यायची, जागा भरून टाकायची आणि पुन्हा म्हणायची, जागा कमी आहे. भाडेकरूने घरमालकाला जिन्यात झोपायला लावावं, तसं चाललं होतं.

"भाऊजी, ही सिस्टीम काढा आणि तिच्या जागी लिनक्स टाका की," मेहुणा म्हणाला. "फुकट असतं."

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दातून घडलं. इंग्रजीत फुकटलाही 'फ्री' आणि मुक्तलाही 'फ्री'. 1983 साली ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर करणारे रिचर्ड स्टॉलमन तेव्हापासून लोकांना या दोन्हींतला फरक समजावून सांगतायत. मराठीत ती पंचाईत नाही. फुकट ते फुकट, मुक्त ते मुक्त. माझी पंचाईत एवढीच, की मी फुकट ऐकून गेलो आणि हातात मुक्त पडलं. मुक्त म्हणजे सोर्स कोड, प्रोग्राम ज्या ओळींनी बनतो तो मजकूर, सगळ्यांना खुला. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. म्हणजेच काही बिघडलं तर दुरुस्त करण्याचा संपूर्ण हक्क आपला. आणि हक्कच आपला म्हटल्यावर हाक कोणाला मारणार?

आधी प्रश्न पडला, कुठलं लिनक्स? मला वाटलं होतं लिनक्स एकच असतं. निघाली शेकडो. उबंटू आहे, लुबंटू आहे, झुबंटू आहे. पपी नावाचं एक आहे, ते सगळंच्या सगळं मेमरीत जाऊन बसतं. टायनी कोअर तर मोबाइलवरच्या पाच-सहा फोटोंएवढ्या जागेत मावतं. मी शेवटी कुठलं निवडलं ते सांगत नाही. सांगितलं की "अहो, ते कशाला घेतलंत?" म्हणणारा माणूस जमिनीतून उगवतो. असा माणूस तुम्हाला आपलं लिनक्स टाकून देत नाही, फक्त तुमचं चुकलं म्हणून सांगतो आणि निघून जातो.

निवडलेलं लिनक्स पेन ड्राइव्हवर चढवलं, पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला, लॅपटॉप सुरू केला. काही नाही. पेन ड्राइव्ह त्याच्या गावीच नव्हता. दुसरा लावला. तिसरा मुलीकडून उसना आणला, त्यावर मांजराचं चित्र होतं. त्याचाही उपयोग झाला नाही. तीन रात्रींनी रोगाचं निदान झालं. या स्वस्त यंत्रांपैकी काहींत प्रोसेसर 64 बिटांचा असतो, पण त्याला जागं करणारं फर्मवेअर 32 बिटांचं. म्हणजे आत पैलवान आणि दारावर वामनमूर्ती राखणदार. त्या राखणदाराला 'बूटआयए32' नावाची एक फाइल दिसली तरच तो दार उघडतो, आणि माझ्या 64 बिटांच्या लिनक्सबरोबर ती आलेली नव्हती. एवढीशी फाइल, पेन ड्राइव्हवर योग्य त्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवली आणि दार उघडलं. रात्रीचे दोन वाजले होते. मी आनंदाने बायकोला उठवलं. त्याबद्दल पुढे काही लिहीत नाही.

आता खरी कथा. इन्स्टॉलर, म्हणजे लिनक्स बसवून देणारा प्रोग्राम, सुरू झाला. देखणी खिडकी, मागे डोंगर आणि तळं. भाषा निवडा, कीबोर्ड निवडा. निवडला. आता 'पुढे' म्हणायचं. 'पुढे' कुठे आहे?

'पुढे' नव्हतं. खिडकीचा खालचा काठच नव्हता. माझ्या पडद्याची उंची 600 पिक्सेल, आणि ज्या भल्या माणसाने ती खिडकी रंगवली त्याच्यासमोर बहुधा दुकानाच्या पाटीएवढा मॉनिटर होता. त्याने 'मागे', 'पुढे', 'रद्द' ही तिन्ही बटणं नीट खाली मांडली होती. माझ्याकडे ती पडद्याच्या खाली, टेबलाच्या आसपास कुठेतरी पडत असणार. मी खरंच लॅपटॉप उचलून खाली पाहिलं. माणूस रात्री दोनला काय करेल याचा नेम नाही.

तसं पाहिलं तर रडायचं मला कारण नव्हतं. 2007 साली एसुस कंपनीचा ई पीसी आला आणि छोट्या लॅपटॉपची लाट सुरू झाली. त्याचा पडदा 7 इंची, 800 बाय 480 पिक्सेलचा. 512 एमबी मेमरी, 4 जीबी साठवण, आणि आत आलं होतं ते लिनक्सच. त्यापुढे माझं 1024 बाय 600 म्हणजे वाडाच. पण वाड्यात राहून ओके सापडत नसेल तर वाड्याचं काय करायचं?

मग कीबोर्डवरचा टॅब दाबायचा उपाय सापडला. टॅब दाबला की निवड एका बटणावरून दुसऱ्यावर जाते, एंटर मारला की ते बटण दाबलं जातं. फक्त ती कुठे गेली हे दिसत नाही. मोजायचं. दोन टॅब, एंटर: मागच्या पानावर गेलो. तीन टॅब, एंटर: "खरंच रद्द करायचं?" असा प्रश्न आला. ती खिडकी मात्र लहान होती, ती पूर्ण दिसली. रद्द करण्याची सोय या जगात प्रत्येकाला पुरून उरेल इतकी केलेली असते. चार टॅब, एंटर: पुढे! मी कागदावर लिहून घेतलं, "चार". पुढच्या पानावर चार टॅब मारले आणि वेळक्षेत्र बदललं. प्रत्येक पानाचा आकडा वेगळा. असं करत करत मी डिस्क पुसून टाकण्याच्या पानापर्यंत पोचलो. या पानावर पुढे गेलं की माघार नाही. डोळे मिटून टॅब मोजले. डोळे मिटण्याने काही फरक पडणार नव्हता, तसंही काही दिसत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मेहुण्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ऑल्ट धरून खिडकी वर ओढायची ना!" जणू ही गोष्ट बालवाडीत शिकवतात. ऑल्ट दाबून ठेवायचा, खिडकीवर कुठेही माउसचं डावं बटण दाबून धरायचं आणि ओढायचं. खिडकी पडद्याच्या वरून बाहेर जाते आणि खालून ओके उगवतो. पण माउस असेल तर. टचपॅडवर एका हाताने ऑल्ट धरायचा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने बटण, त्याच हाताच्या बोटाने ओढायचं. टचपॅड विझिटिंग कार्डाएवढा. बोट काठाला लागलं की थांबायचं, अंगठा न उचलता बोट उचलून पुन्हा खाली आणायचं. लांबून पाहणाऱ्याला मी कंपासपेटीवर तबला शिकतोय असं वाटायचं.

वाय-फायचं दुःख थोडक्यात सांगतो. वाय-फायच्या चिपला स्वतःची एक फर्मवेअर फाइल लागते. ती मुक्त नव्हती, म्हणून मुक्त मंडळींनी सोबत दिली नव्हती. ती इंटरनेटवर मिळते. इंटरनेटला वाय-फाय लागतं. केबल लावावी तर या लॅपटॉपच्या कडेला ते भोकच नाही, कारण ते भोक लॅपटॉपच्या जाडीपेक्षा मोठं असतं. शेवटी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं. डेबियन नावाच्या लिनक्सच्या लोकांनी 2022 मध्ये याच प्रश्नावर रीतसर मतदान घेतलं आणि 2023 मधल्या डेबियन 12 पासून अशा फायली इन्स्टॉलरमध्येच द्यायला लागले. माझी रात्र त्याआधीची.

फाइल मिळाली, ती बसवायला 'सुडो' म्हणावं लागतं. सुडो म्हणजे थोड्या वेळापुरता मालकाचा अधिकार. त्याने पासवर्ड विचारला. मी टाइप केला, पडद्यावर काहीच उमटेना. अक्षरं नाहीत, ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. "आता कीबोर्डही गेला का?" बायकोने मागून विचारलं. गेला नव्हता. तिथे पासवर्ड असाच गुपचूप घेतात. घेतला, आणि मग कळवलं की तुमचं नाव अधिकृत यादीत नाही, या घटनेची नोंद वर कळवली जाईल.

मी घाबरलो, खोटं कशाला सांगू. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लॅपटॉपवर, बनियनमध्ये बसून मी काहीतरी गुन्हा केला होता. वर म्हणजे कोणाकडे? शोधल्यावर कळलं, ही तक्रार 'रूट'कडे जाते. रूट म्हणजे या यंत्राचा सर्वाधिकारी. आणि आमच्याकडे रूट मीच. माझी तक्रार माझ्याकडेच आली होती. मी स्वतःला समज देऊन सोडून दिलं.

लिनक्स स्थिरावल्यावर मात्र खरंच बरं चाललं. निम्मी चिप मोकळी राहिली. मग मी ब्राउझर उघडला. त्यात पाच पानं उघडली आणि सगळं गोठलं. मिनिटभराने ब्राउझर न सांगता नाहीसा झाला. लिनक्सच्या गाभ्यात ओओएम किलर नावाचा एक प्रकार आहे. मेमरी संपली की तो प्रत्येक प्रोग्रामला गुण देतो. ज्याने जास्त मेमरी खाल्ली त्याला जास्त गुण, आणि जो पहिला येतो त्याला मारून टाकतात. आमच्याकडे पहिला नंबर कायम ब्राउझरचा. यावर झेडरॅम हा उतारा मिळाला, तो 2014 पासून गाभ्यातच रुळलाय. मेमरीतलाच माल दाबून दाबून मेमरीतच ठेवायचा, म्हणजे जास्त मावतो. बॅगेची चेन लागेना की बायको मला वर बसवते, तेच तत्त्व.

तेव्हापासून मी बऱ्याचदा नुसता 'एचटॉप' उघडून बसतो. त्यात मेमरीच्या रंगीत पट्ट्या वर-खाली होताना दिसतात. काहीच न करता 430 एमबी. मागे गुपचूप चालणारी एक सेवा बंद केली की 418. ते 12 एमबी वाचल्यावर जो आनंद होतो तो घरात कोणालाही समजावता आलेला नाही. लिखाण? केलंय ना. "वायफाय", "आवाज येत नसेल तर", "झाकण लावल्यावर झोपत नसेल तर" आणि "वरील उपायाने आवाज गेल्यास" अशा चार फायली आहेत. सध्या एवढंच माझं समग्र साहित्य.

मेहुणा हसतो. मी त्याला ऐकवतो की 2017 च्या नोव्हेंबरपासून जगातले पहिल्या पाचशे क्रमांकांतले सगळे महासंगणक लिनक्सवर चालतात. "त्यांचा ओके सापडतो ना पण?" तो विचारतो.

गेल्या रविवारी तो घाईघाईत आला. एक अर्ज भरून रात्री बाराच्या आत पाठवायचा होता, आणि त्याच्या भल्यामोठ्या लॅपटॉपने नेमकं तेव्हाच अपडेट काढलं होतं. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, 34 टक्के, बंद करू नका. "भाऊजी, तुमची ती... तुमचा लॅपटॉप द्या जरा." नाव सुधारून घेतलं, हे मी टिपलं. त्याने लिबर ऑफिसमध्ये अर्ज भरला. उघडायला वेळ लागला, पण उघडलं. मग पीडीएफ करायला गेला. पर्यायांची खिडकी आली. वरून खाली सगळे पर्याय, आणि खाली काही नाही.

"भाऊजी, बटण कुठंय?"

बालवाडीत शिकवतात त्याची आठवण करून द्यावी म्हणून मी खुर्चीत सावरून बसलो, घसा खाकरला. तेवढ्यात बायको कपड्यांच्या घड्या घेऊन चालली होती. ती वाकली, डावीकडच्या घड्या हनुवटीखाली दाबल्या, एका बोटाने ऑल्ट धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने खिडकी दोन झटक्यांत वर घेतली, खालून उगवलेलं बटण दाबलं आणि आत गेली.

आम्ही दोघं बघत राहिलो. मी आतल्या खोलीत गेलो.

"हे तू कधी शिकलीस?"

"दीड महिना झोपेत हातवारे करत होतात," ती कपाट लावत म्हणाली. "माझ्याच दंडावर."