‘एका लिटरमध्ये रात्रभर’: सायलेंट जनरेटरच्या मेसेजचं काय करायचं

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘नवे इन्व्हर्टर जनरेटर फ्रिजइतकाच आवाज करतात. एका लिटर पेट्रोलवर घर रात्रभर चालतं. धूर नाही, म्हणून पडवीत किंवा बाल्कनीतही ठेवता येतो. वायरिंगची भानगड नको. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून घ्या आणि कुठल्याही सॉकेटमध्ये खोचा. पाण्याची मोटरही आरामात चालते.’ खाली जोडलेले हात आणि ‘सर्वांना पाठवा’.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि कोकणातल्या कित्येक गावांत पुढचे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्यामुळे जनरेटर कशाला हवा, हे आम्हा कोकणातल्या माणसांना वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टर जनरेटर हे यंत्रही चांगलंच आहे. त्याचं चांगलेपण कुठून येतं ते कळलं की मेसेजमधली निम्मी वाक्यं आपोआप गळतात.

छोट्या साध्या जनरेटरला ५० हर्ट्झची वीज द्यायची तर मिनिटाला ३००० फेरे घ्यावेच लागतात, मग तुम्ही दोन दिवे लावा नाहीतर इस्त्री. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये इंजिनाने केलेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज बनवतं. फेऱ्यांचं बंधन सुटल्यामुळे लोड कमी असताना इंजिन सावकाश फिरतं. कमी आवाज आणि कमी पेट्रोल, दोन्ही त्या सावकाशपणातून येतात. लोड वाढला की दोन्ही जातात.

आता ते एक लिटर. होंडाचं ईयू२२००आय हे मॉडेल अमेरिकेत विकलं जातं आणि या जातीत नावाजलेलं आहे. कंपनीच्याच आकड्यांनुसार त्याच्या टाकीत साधारण ३.६ लिटर पेट्रोल मावतं. पाव लोडवर, म्हणजे ४५० वॅटवर, ते ८.१ तास चालतं. पूर्ण १८०० वॅटवर ३.२ तास. भागाकार करा: पाव लोडलाही एका लिटरमध्ये सव्वादोन तास. रात्र एवढी लहान कुठे असते?

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानदारही सहसा सांगत नाही. पाव लोडवर एका लिटरमागे जेमतेम १ युनिट वीज मिळते, पूर्ण लोडवर १.६ युनिट. म्हणजे इंजिन सावकाश चाललं की तासाला पेट्रोल कमी लागतं, पण युनिट महाग पडतं. पेट्रोल शंभरीपार असताना दोन पंखे आणि चार दिव्यांसाठी रात्रभर जनरेटर घुमवणं म्हणजे जेवायला दोघं आणि पातेलं लग्नाचं. साध्या जनरेटरपेक्षा ते स्वस्त, हे खरं. पण ‘स्वस्त’ हा शब्द इथे जपूनच वापरावा.

आवाजाचंही तसंच. याच मॉडेलचा आवाज पाव लोडला ४८ आणि पूर्ण लोडला ५७ डेसिबल सांगतात, पण तो ७ मीटरवर मोजलेला. उघड्यावर अंतर निम्मं केलं की सुमारे ६ डेसिबल वाढतात. त्या हिशेबाने १ मीटरवर तेच आकडे ६५ आणि ७४ च्या घरात जातात. भिंतींनी घेरलेल्या पडवीत त्याहून जास्तच. आपल्याकडच्या नियमांत निवासी भागाची रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबल आहे. फ्रिजइतका आवाज येईल, पण तो अंगणाच्या टोकाला ठेवलात तर, आणि फ्रिज जरा म्हातारा असेल तर.

‘धूर नाही, पडवीत ठेवा.’ मेसेजमधलं हे वाक्य माणूस मारू शकतं. दिसणारा धूर नसला तरी पेट्रोल इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडतंच. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही. इंजिन शांत असेल तर उलट धोका वाढतो, कारण ते जवळ ठेवायचा मोह होतो. घरापासून किमान २० फूट लांब, धुराड्याचं तोंड घराच्या उलट दिशेला, आणि त्या बाजूच्या खिडक्या बंद. पाऊस असला तरी हेच. वर पत्रा घाला, पण चारी बाजू उघड्या ठेवा.

दोन पिनांच्या वायरीबद्दल तर हात जोडूनच सांगतो, नको. एक म्हणजे, एक टोक जनरेटरला असताना दुसऱ्या टोकाच्या पिना उघड्या आणि जिवंत असतात. दुसरं, मेन स्विच पाडायला विसरलात तर तुमची वीज उलटी लाइनीवर जाते. डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टचे २३० करतो, तसाच तो उलट दिशेने २३० चे ११,००० करतो. तारा जोडायला खांबावर चढलेल्या लाइनमनला वाटत असतं की लाइन बंद आहे. वायरमनला बोलावून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, बसवून घ्या. जनरेटरच्या किमतीपुढे तो खर्च किरकोळ आहे.

राहिली मोटर. १ एचपीची मोटर चालताना हजारेक वॅट घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट मागते. इन्व्हर्टरचं सर्किट तो झटका सोसत नाही, ओव्हरलोड दाखवून बंद पडतं. घ्यायच्या आधी दुकानात नाही, आपल्या विहिरीवर आणून चालवून बघा, आणि तेव्हा इको स्विच, म्हणजे लोड कमी असताना इंजिन सावकाश फिरवणारं बटण, बंद ठेवा.

मला विचाराल तर १५० एएचची एक बॅटरी आणि घरगुती इन्व्हर्टर आधी घ्या. दोन-चार तासांच्या लोडशेडिंगला तेवढं पुरतं. वादळानंतरच्या लांबलेल्या अंधारासाठी जनरेटर ठेवा, पण तो संध्याकाळी दोनच तास चालवा: बॅटरी चार्जिंगला, फ्रिज चालू, मिक्सरचं वाटण त्याच वेळात. म्हणजे लोड भरपूर आणि लिटरमागे युनिटही जास्त. रात्री पंखे बॅटरीवर फिरतील. आणि हंगाम संपला की कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये दोरी ओढून खांदा दुखेल.