‘छोटी गाय, मोठी कमाई’: त्या मेसेजला माझ्या गोठ्यातून उत्तर

हा मेसेज महिनाभरात मला अकरा जणांनी पाठवला. शेवटी मुंबईच्या पुतण्याने पाठवला आणि खाली लिहिलं, “काका, आपली दोन एकर पडूनच आहे ना? चार गायी घेऊन देता का?” त्याला फोनवर जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो, कारण उरलेले दहा जणही साधारण तेच विचारत होते.

मेसेज असा आहे: “कोकण कपिला. छोटी गाय, मोठी कमाई! फक्त दोन गुंठे जागा पुरे. चाऱ्याचा खर्च शून्य. रोज 8 ते 10 लिटर ए-टू दूध, 120 रुपये लिटर. आजारपण नाही. एका गायीच्या शेणावर 30 एकर शेती. सरकार प्रत्येक गायीमागे रोज 50 रुपये देते. गाय श्वासातून ऑक्सिजन सोडते. नोकरी सोडा, गाय जोडा!”

आधी मेसेजसोबतच्या फोटोबद्दल, कारण तिथूनच गडबड आहे. फोटोतली पांढरी, गुडघ्याएवढी गाय कपिला नाहीच. ती आंध्रच्या चित्तूर भागातली पुंगनूर. 2024च्या संक्रांतीला पंतप्रधानांनी आपल्या निवासस्थानी या गायींना चारा भरवतानाचे फोटो आले, तेव्हापासून देशातल्या कुठल्याही बुटक्या गायीच्या जाहिरातीत हीच दिसते. कोकण कपिला माझ्या कमरेच्या थोडी वर येते. रंगही नावासारखा कपिल, म्हणजे पिंगटच असतो असं नाही. तांबडी असते, तपकिरी असते, काळीकुट्टही असते. 2018 साली कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. त्याआधी आम्ही तिला गावठी गाय म्हणायचो. शेजारच्या गोव्यातली पांढरी श्वेत कपिला ही वेगळी नोंदलेली जात. ‘कपिला’ नाव सांगून कुणी रंगाचे जादा पैसे मागत असेल तर खुशाल उठून यावं.

आता दूध. माझ्या गोठ्यात दोन गायी आहेत, तांबू आणि तिची लेक काळी. तांबू ताजी व्यालेली असते तेव्हा वासराला सोडून सकाळी सव्वा लिटर निघतं, संध्याकाळी पाऊण. पुढ्यात वासरू नसेल तर पान्हाच घालत नाही. वासरू दोन ढुशा मारतं, मग ती मान वळवून त्याला चाटायला लागते आणि तेव्हा कुठे धार लागते. वासराला बाजूला ओढायला जरा उशीर झाला की तांब्या अर्धाच. सात-आठ महिन्यांत आटते. दोन वेतांत दीड वर्षाचं अंतर. म्हणजे दीड वर्षात फार तर साडेचारशे लिटर, दिवसावर वाटलं तर लिटरभरही नाही. पलीकडच्या आजीला मी मेसेज वाचून दाखवला तर ती म्हणाली, “अरे झिला, गाय म्हणजे काय नळ आसा, सोडलो काय व्हावता?”

आठ-दहा लिटर देणाऱ्या गायी आहेतच की. चांगली गीर देते, संकरित गाय त्याहून जास्त देते. पण त्यांना तसं खायला घालावं लागतं, आणि आमच्या पावसात, चिखलात, कातळाच्या चढावर त्या टिकत नाहीत. कपिला टिकते ती अंग लहान आणि दूध कमी म्हणूनच. दोन्ही एकाच गायीत मागायचं म्हणजे सायकलला ट्रॉली जोडण्यासारखं आहे.

या मेसेजमधला खरा घोळ मात्र ‘दोन गुंठे’ आणि ‘चाऱ्याचा खर्च शून्य’ यात आहे. ही दोन वाक्यं शेजारीशेजारी आहेत आणि एकमेकांना खातात. गायीला बांधायला दोन गुंठेही लागत नाहीत, माझा गोठा बारा फूट बाय दहा फूट आहे. प्रश्न ती खाते कुठलं याचा आहे. माझ्या वडिलांकडे आठ गुरं होती आणि जमीन आजच्या एवढीच, दोन एकर. त्यांचा चाऱ्याचा खर्च खरंच शून्य होता. पण ती गुरं आमच्या दोन एकरांवर नव्हतीच. सकाळी न्याहारी झाली की वाडीतली सगळी गुरं सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या माळावर जायची. घराघराने पाळीपाळीने राखण करायची. दिवेलागणीला गुरं घरी. भातकापणी झाली की शेतं सगळ्यांच्या गुरांना मोकळी. गायीचं पोट आख्ख्या गावाच्या जमिनीवर भरत होतं आणि शेण तेवढं आमच्या अंगणात पडत होतं. कपिला ‘कमी जागेत होते’ ही समजूत तिथून आली. जागा कमी नव्हती, फक्त सातबाऱ्यावर आमचं नाव नव्हतं.

आज त्या सड्याला कुंपणं लागली आहेत. कुठे काजू लावला, कुठे आंबा, कुठे कुणी बाहेरच्याने एकरकमी घेऊन चिऱ्याचा गडगा घातला. राखणीला माणूस नाही. मोकळं सोडलेलं गुरू कुणाच्या तरी कुळथात किंवा कलमांत शिरतं आणि मग संध्याकाळी भांडण, नाहीतर कोंडवाडा. म्हणून मी दोन एकरांवर कपिला पाळतो याचा अर्थ एवढाच, की पूर्वी सडा जे फुकट करायचा ते आता मी विळा घेऊन करतो.

हिशेब मांडतो. दोनशे किलोची गाय, तिला पाण्याचं वजन सोडून रोज पाच किलो सुका चारा लागतो, म्हणजे वर्षाला 1800 किलोच्या वर. जून ते नोव्हेंबर हिरवं गवत बांधावर आहे, सड्याच्या उरलेल्या तुकड्यावर आहे, तेव्हा चिंता नाही. डिसेंबरपासून मेअखेरपर्यंत पेंढा आणि सुकं गवत, गायीमागे 900 ते 1000 किलो. माझ्या वीस गुंठे भाताचा पेंढा जेमतेम एका गायीला पुरतो. दुसरीसाठी दिवाळीनंतर गवत कापून, सुकवून, भारे बांधून माळ्यावर चढवावं लागतं. त्या आठ-दहा दिवसांत माझा डावा खांदा कामातून जातो. शिवाय नुसत्या पेंढ्यावर गाय जगते, दूध देत नाही. मूठभर पेंड, कुळथाचा भुसा काहीतरी घालावंच लागतं. चार गायी म्हणजे चार टन सुका चारा. पुतण्याला विचारलं, “ठेवशील कुठे?” तो म्हणाला, “विकत घेऊ.” घाटावरून ट्रकने आलेला कडबा कोकणात काय भावाने पडतो ते एकदा विचारून बघ म्हटलं, आणि मग 120 रुपये लिटरचं गणित पुन्हा कर.

‘एका गायीवर 30 एकर’ हा आकडा कुठून आला ते पाहिलं की त्याचा बडेजाव उतरतो. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत जीवामृताला एकरी, महिन्यातून एकदा, 10 किलो शेण लागतं, सोबत गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, मूठभर माती आणि 200 लिटर पाणी. गाय रोज 10 किलो शेण देते असं धरलं की एका दिवसाचं शेण एका एकराला, महिन्याचे दिवस तीस, म्हणून तीस एकर. साधा गुणाकार आहे. माझी तांबू रोज सहा किलोच्या आसपास शेण टाकते आणि त्यातलं निम्मं चरताना बाहेर पडतं. म्हणजे इथेच तीसचे नऊ-दहा झाले. दुसरं, 10 किलो ताज्या शेणात नत्र असतं 30-40 ग्रॅम. भाताला एकरी शिफारस 40 किलोची. पाळेकर स्वतःही जीवामृताला खत म्हणत नाहीत, जिवाणूंचं विरजण म्हणतात, आणि त्यावर वाद घालायचा तर तो वेगळा घालू. मेसेजवाल्याने मात्र विरजणाचं माप दुधाला लावलं आहे.

आणि गंमत म्हणजे शेण हीच या गायीची खरी कमाई आहे, फक्त ती तीस एकरांची नाही. रात्री गोठ्यात पडणारं शेण, मूत आणि खाली अंथरलेला आंब्या-काजूचा पातेरा, म्हणजे पालापाचोळा, असं मिळून दोन गायींचं वर्षाला दोनेक टन खत होतं. नारळाला किंवा मोठ्या कलमाला झाडामागे 50 किलो धरलं तर चाळीस झाडं. माझी झाडं बत्तीस आहेत. पाच वर्षं झाली, शेणखताची ट्रॉली विकत आणलेली नाही. पातेऱ्याचा थर रोज बदलायचा हे एकच पथ्य, नाहीतर मूत वाहून जातं आणि गोठ्याला वास मारतो.

ए-टूचं लवकर आटपतो. दुधातल्या बीटा-केसिन प्रथिनाच्या 209 दुव्यांच्या साखळीत 67व्या जागी ए-टूमध्ये प्रोलीन असतं, ए-वनमध्ये हिस्टिडीन. आपल्या देशी गायींत बहुतेक ए-टूच सापडतं, हे खरं. पण म्हशीचं दूधही ए-टूच असतं, आणि ते कुणी 120 रुपयांनी या नावाखाली घेत नाही. ए-वनमुळे आजार होतात का, हे युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2009 साली तपासलं तेव्हा कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असंच म्हटलं. आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, 21 ऑगस्ट 2024 रोजी पाकिटांवरून ए-वन, ए-टू काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत तो आदेश मागे घेतला. एवढ्या डळमळीत पायावर घराचा हप्ता भरायचं ठरवू नये. दूध चवीला छान असतं, चहा दाट होतो, खरवस तर विचारू नका. गिऱ्हाईक त्यासाठी येतं.

‘आजारपण नाही’ हे वाक्य 2022 साली गुरांच्या लम्पी त्वचारोगाने खोडून काढलं. राजस्थान-गुजरातमध्ये मेलेल्या गुरांत देशी गायी कमी नव्हत्या. गोचिडांनी होणारे ताप कपिलेला संकरित गायीपेक्षा कमी छळतात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यांच्या लसी टोचाव्याच लागतात. काळीला मागच्या पावसाळ्यात खुरात चिखली झाली, पंधरा दिवस लंगडत होती. मेसेजमध्ये बिबट्याही नाही. आमच्याकडे गोठ्याला दार नसेल तर वासरू राहत नाही.

सरकारचे रोज 50 रुपये? सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ जाहीर केलं, मंत्रिमंडळाच्या त्याच दिवशीच्या बैठकीत ही अनुदान योजना मंजूर झाली. ती गोशाळांसाठी आहे. तुमच्या परसातल्या गायीला त्यातला रुपया मिळत नाही.

ऑक्सिजनचं: हवेत 21 टक्के असतो, गायीच्या उच्छ्वासात त्याहून कमी. तुमच्याही.

राहिला तो मुद्दा, जो मेसेजमध्ये नाहीच. गाय वर्षानुवर्षं पाडीच देते असा मेसेजवाल्याचा समज दिसतो. माझ्याकडे शेवटची चार वासरं झाली, त्यात तीन पाडे. पूर्वी पाडा झाला तरी घर खूश असायचं. कपिलेचा बैल लहान, चपळ, आमच्या चार वाव रुंदीच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या लहान तुकड्यात, नांगर फिरवायचा तर असाच हवा. आता ते काम पॉवर टिलर करतो. 2015 पासून राज्यात बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे. कायद्याच्या बाजूने असा की विरोधात, गोठ्यातला सवाल एकच: हा पंधरा वर्षं खाणार काय? एक पाडा मी अजून नांगर धरणाऱ्या एका घरी फुकट दिला, दुसरा लांबच्या पाहुण्यांकडे गेला, तिसरा माझ्याकडेच आहे आणि माझ्या चाऱ्याच्या वरच्या हिशेबात तो मी धरलेला नाही, हे आता कबूल करतो. गावाबाहेरच्या हमरस्त्यावर रात्री बसलेल्या गुरांत बघा, पाडे किती आणि कानात बिल्ला असलेल्या भाकड गायी किती. अशाच मेसेजवर हौसेने घेतलेल्या दोन गायी आमच्याच वाडीत दीड वर्षात दावं कापून सोडून दिल्या. त्यातली एक म्हणजे तांबू.

पुतण्या मे महिन्यात येतो आहे. काळी गाभण आहे, श्रावणात व्यायची. पाडी झाली तर ती त्याला द्यायची असं ठरलं आहे. पाडा झाला तरी तोच नेणार, ही माझी अट. त्यावर तो “बघतो” म्हणाला.